एक की नऊ

दीक्षा ओव्हाळ रोज सकाळी कुकरच्या पहिल्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये चार ओळी लिहिते. रात्रीत इंटरनेटच्या जगात काय उलथापालथ झाली ते, सरळ मराठीत, व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर. ‘एका मोठ्या कंपनीचे सर्व्हर दोन तास झोपले होते. तुमची साइट बंद दिसली असेल तर मला फोन करू नका.’ ज्यांच्या साइटी तिने केल्यात ते दवाखानेवाले, क्लासवाले हे वाचतात आणि तरीही फोन करतातच.

त्या मंगळवारी बातमी अशी होती : आता वेबसाइट नुसती बोलून बनते. तुम्ही बोला, यंत्र मांडेल. वेळ, एक मिनिट.

दोन ओळी झाल्या. तिसरी सुचेना. ‘मग वेब डिझायनरने काय करायचं?’ असं लिहिलं आणि पुसलं. कुकर पाचव्या शिट्टीला गेला.

“डाळीची पेज केलीस,” तिचे वडील म्हणाले. “कसली बातमी एवढी?”

“काही नाही अण्णा. पोटावर पाय आलाय, एवढंच.”

“मशीनचा?”

“हो.”

“माझ्याही आला होता. मशीनला पाय फार.”

अण्णांनी, म्हणजे संपत ओव्हाळांनी, तेहतीस वर्षं पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवले. मग कॉम्प्युटर आले आणि शिशाची अक्षरं भंगारात गेली. नजर मात्र तीच राहिली. धायरीतल्या या घरात लग्नपत्रिका आली की अण्णा आधी चुका शोधतात, मग लग्न कुणाचं ते बघतात.

तेवढ्यात मेसेज आला. डॉक्टर श्यामसुंदर मेहेंदळ्यांचा मुलगा, वरद. ‘ताई, गंमत म्हणून दवाखान्याची नवी साइट केलीये. बाबांना विचारून विचारून मी बोलत गेलो, ती बनत गेली. लिंक बघा. अकराला या, बाबा आज ठरवून टाकू म्हणतायत.’

सदाशिव पेठेतला मेहेंदळ्यांचा डोळ्यांचा दवाखाना दीक्षाचं सर्वांत जुनं काम. ते बघूनच त्या गल्लीतले आणखी पाच डॉक्टर तिच्याकडे आले होते. हे गेलं तर ते पाच कितीसे थांबणार?

तिने दोन्ही साइटी शेजारी शेजारी उघडल्या. नवी देखणी होती. तेच जास्त लागलं.

“काय शोधतेस?”

“चुका.”

“कुणाच्या?”

“कुणाच्या म्हणजे? त्या यंत्राच्या!”

आणि सापडली. पान तेच, ‘मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर’. तिच्या साइटवर होतं : डोक्यावरून आंघोळ १ दिवस करू नये. नव्या साइटवर : ९ दिवस.

“धरला!” दीक्षाने टेबलावर थाप मारली. “मनाचं घालतं हे यंत्र. रोज ओरडते मी स्टेटसवर, आत्मविश्वासाने थापा मारतात हे! आता दाखवते डॉक्टरांना.”

“मूळ प्रत कुठाय?”

“काय?”

“तू प्रूफ प्रुफाशी ताडतेयस. आमच्या फोरमनने कान पिळला असता. मूळ प्रत आण.”

तिने चरफडत फाइल काढली. तीन वर्षांपूर्वी साइट नव्याने केली, तेव्हा डॉक्टरांनी हाताने लिहून दिलेला कागद.

“बघा. एक.”

अण्णांनी भिंग घेतलं. वरपासून एकेक ओळ बघत खाली आले.

“इथं वर ‘थेंब १’ लिहिलंय. तो एक बघ. आता खालचा हा बघ. एकाच हाताचे दोन अंक आहेत. सारखे आहेत?”

“पेन अडखळलं असेल.”

“पेन नाही अडखळलं. गाठीला आणखी एक आकडी आहे. नऊ आहे तो, बाळा.”

दीक्षाने भिंग हिसकावून घेतलं. नऊ होता. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेचना. तीन वर्षं. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक माणसाच्या मोबाइलवर दवाखाना याच पानाची लिंक पाठवत होता.

तिने साइटचं पान उघडलं, १ पुसला, ९ टाकला, बदल जतन केला. दहा सेकंद.

“झालं,” ती म्हणाली.  “आता कुणाला कळणारही नाही.”

“नाही कळणार,” अण्णा भिंग पुसत म्हणाले. “आम्हाला शुद्धिपत्र चिकटवावं लागायचं पुस्तकात. गाव वाचायचं. तुमचं बरं आहे.”

ती उठली. कागद मात्र पर्समध्ये टाकला.

अकराला डॉक्टरांच्या खोलीत ती उभीच राहिली.

“बसा ओव्हाळबाई. खुर्चीला पासवर्ड नाही.” डॉक्टरांनी मोबाइल हातभर लांब धरला. “ही नवी साइट वाचलीत? ‘आपल्या दृष्टीच्या प्रवासातले सोबती.’ मी काय यात्रा कंपनी काढलीय?”

“बाबा, ते बदलता येतं हो,” वरद म्हणाला.

“तुझं यंत्र हुशार आहे. पण फार बोलतं. मी ठरवलंय, जुनीच राहील. तीन वर्षांत एक चूक नाही या बाईंची.”

फक्त हसायचं होतं. ‘थँक्यू डॉक्टर’ म्हणायचं आणि जिना उतरायचा. दीक्षाचा हात पर्सच्या चेनवर होता, आणि चेन अडकली होती.

“आहे,” ती म्हणाली.

“काय आहे?”

“चूक.” चेन सुटली. तिने कागद टेबलावर ठेवला. “इथे तुम्ही नऊ लिहिलाय. मी एक वाचला. शंका आली असती तर विचारलं असतं, पण मला शंकाच आली नाही. आज सकाळी दुरुस्त केलं. तोपर्यंत एकच होता.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, परत घातला. 

“एक दिवस? आंघोळ?”

“हो.”

दारात हेमाताई, दवाखान्याच्या जुन्या नर्स, केसपेपर घेऊन उभ्या होत्या. “डॉक्टर, त्या चंद्रभागाबाई. खडकवासल्याच्या.”

“आठवतंय.”

“जूनमध्ये लालभडक डोळा घेऊन आल्या होत्या. सुनेनं मोबाइलवर वाचलं, एकच दिवस लिहिलंय म्हणाल्या. तर तुम्ही—”

“आठवतंय म्हटलं ना मी!”

हेमाताईंनी वाक्य पूर्ण केलंच. “‘आजी, मोबाइलवर खापर फोडू नका, ऐकायचंच नसतं तुम्हाला.’ भरल्या वेटिंग रूममध्ये.”

“डोळा?” दीक्षाने विचारलं.

“वाचला,” डॉक्टर म्हणाले. “थोडक्यात.”

“म्हणजे बाबा, माझी साइट बरोबर—”

“तू गप्प बस. हेमाताई, लावा फोन. स्पीकरवर.”

“मी बोलते,” दीक्षा म्हणाली.

फोन बराच वेळ वाजला.

“कोन हाय?”

“आजी, मी दीक्षा. मेहेंदळे डॉक्टरांच्या दवाखान्यातून. डोळा कसा आहे?”

“हाय बरा. सुईत दोरा घालती की. का वं?”

“आजी, मोबाइलवर ‘एक दिवस’ असंच लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं, चुकून. नऊ हवं होतं. तुमच्या सुनेनं बरोबर वाचलं होतं.”

पलीकडे कोंबड्यांचा आवाज. मग तोही लांब गेला.

“म्हंजी म्या खोटं न्हवते बोलत.”

“नव्हतात, आजी.”

“चार मान्सांत खोटी पडले म्या. आन् घरी येऊन सुनेला बोल लावला, तुलाच वाचता येत न्हाई, तुझ्यापायी डोळा गेला असता. दोन म्हैनं झालं, ताट ठिवती आन् जाती. बोलत न्हाई.” श्वास. “थांब. कल्याणी! ए कल्याणी! हिकडं ये बाई. ह्या काय म्हंत्यात ते आईक. हां, सांगा आता. मगा सांगितलं तसंच सांगा.”

पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा जड गेलं. दीक्षाने शब्द न शब्द तसाच सांगितला.  पलीकडे एक तांब्या कुठेतरी आपटून ठेवल्याचा आवाज आला, आणि मग सून खूप हळू म्हणाली, “आत्या, मी म्हनलं न्हवतं?”

“म्हनली हुतीस गं,” म्हातारी म्हणाली. “म्हनली हुतीस.”

डॉक्टरांनी फोन ओढून घेतला. “चंद्रभागाबाई, मेहेंदळे बोलतोय. त्या दिवशी मी आपल्याला सगळ्यांदेखत...”

“डागदर, तुमी बी आइकलं न्हवं?”

“ऐकलं. चुकलं माझं.”

“मंग आता बोलवा त्या दिवसाची मान्सं गोळा करून,” म्हातारी म्हणाली आणि फोन ठेवला.

 डॉक्टरांनी कागदाची घडी घातली, उलगडली, दीक्षाकडे सरकवली. “साइटचं शनिवारी बोलू. तुम्ही जा आता.”

राहील की जाईल, चेहऱ्यावरून कळेना.

जिन्याखाली स्कूटरवर बसून तिने सकाळचं अर्धं स्टेटस उघडलं. बोलून बनणाऱ्या साइटीच्या दोन ओळी तशाच होत्या. त्याखाली लिहिलं : ‘शुद्धिपत्र. माझ्या एका साइटवर मी तीन वर्षं नऊचा एक करून ठेवला होता. यंत्राने नाही, मी.’ चौथी ओळ त्या पाच डॉक्टरांसाठी : ‘माझ्याकडे तुमच्या हातचे कागद आहेत. आज सगळे ताडते. काही निघालं तर मीच फोन करीन.’

पाठवलं. स्कूटर सुरू करेपर्यंत फोन वाजायला लागला. त्या पाचांपैकीच एक. तिने घेतला, “हो डॉक्टर, मीच,” म्हणाली आणि पलीकडचं सगळं ऐकून घेतलं.

चार वाजता धायरीच्या स्वयंपाकघरात टेबलावर पाच फाइली होत्या. अण्णांनी भिंग उजेडाकडे धरलं, चहा लांब सारला.

“तू साइट वाच. मी प्रत बघतो. आकडा आला की थांबायचं.”

“थेंब,” दीक्षाने वाचलं, “दिवसातून चार वेळा.” आणि थांबली.