उद्या आमच्या घरी ये

एका जागी बसणं मला कधी जमलंच नाही, आणि शनिवारी तर विचारूच नका! शाळा सुटली की कॅम्पातल्या आमच्या शाळेत स्पेनहून आलेल्या सिस्टर नववीच्या आठ-दहा पोरींना त्यांची भाषा शिकवायच्या. परीक्षा नाही, मार्क नाहीत. 'काय करायचंय गं ते शिकून?' आई विचारायची. मला काय ठाऊक! कंग्राळीसारख्या खेड्यातून सायकल मारत येणाऱ्या पोरीला त्याचं लई अप्रूप होतं, एवढंच.

सिस्टर जोड्या लावून एकमेकींना प्रश्न विचारायला सांगायच्या. माझ्या जोडीला आली एक कानडी मुलगी. चार वर्षं एका वर्गात होतो, पण मराठी पोरी एकीकडं, कानडी एकीकडं. सीमेवरच्या आमच्या शहरात भाषेवरून मोर्चे निघायचे, दगड पडायचे, आणि माझे वडील, आप्पा, मराठीच्या मोर्चात कायम पुढं. स्पॅनिशमध्ये मात्र आम्ही दोघी सारख्याच अडाणी. चुकलो की खी-खी हसायचो. दोन महिन्यांत ती मला सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची झाली.

धड्यातलं शेवटचं वाक्य होतं, 'मान्याना वेन आ मी कासा.' उद्या आमच्या घरी ये. एका शनिवारी वर्ग सुटल्यावर सायकलपाशी मी ते पुन्हा म्हणाले, मनापासून. तिनं लगेच घर कुठं ते विचारून घेतलं.

घरी पोचेपर्यंत डोक्यात एकच. आप्पांना सांगायचं कसं? रविवारी सकाळपासून मी नुसती आत-बाहेर, आत-बाहेर. ती यावी असं वाटायचं, आणि देवा, येऊ नये असंही. आई वैतागली, 'पायाला भिंगरी लागलीया व्हय? बस की जरा!'

ती गल्लीच्या तोंडाशी दिसली. हातात डबा. आप्पा पुढच्या सोप्यातच बसलेले. मी पळाले, आणि परसातल्या गवताच्या गंजीमागं जाऊन लपले.

तिथं सगळं ऐकू येत होतं. तिनं माझं नाव घेतलं.  आप्पा बोलले ते चक्क कन्नडात! बाजारात भाजी विकताना ते कन्नड बोलायचे, पण घरात मी ती भाषा कधी ऐकली नव्हती. त्यांनी तिला बसवलं, चहा सांगितला, मला दोनदा हाक मारली. मी जागची हलले नाही. आता कुठल्या तोंडानं बाहेर जायचं? तासभर वाट बघून ती गेली.

'घरला बोलवून लपतीस व्हय गं?' मी गंजीमागनं बाहेर आले तसे आप्पा म्हणाले. 'मला भ्यालीस?' मी 'हो' म्हणून मान हलवली. त्यांचा चेहराच उतरला. 'दारात आलेल्या लेकराला हाकललं असतं मी?'

तिच्या डब्यात करंज्या होत्या. डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून आप्पांनी स्वतः त्यात रानातल्या भुईमुगाच्या शेंगा भरल्या.

पुढच्या शनिवारी वर्गात गेले तर तिनं सिस्टरना सांगून जोडी बदलून घेतलेली. मी डबा पुढं केला. आठवडाभर घोकलेलं 'माफ कर' म्हणायचं राहूनच गेलं. तिनं झाकण उघडलं, शेंगा बघितल्या.

'आप्पांना सांग, शेंगा आवडल्या म्हणून,' ती मराठीत म्हणाली. मग नव्या जोडीदारणीकडं वळली आणि धडा म्हणायला लागली, 'मान्याना वेन आ मी कासा.'