मठाच्या वाटेवरच्या काठ्या

डोंगरातल्या शेवटच्या गावात एका भिंतीला काठ्या टेकवून ठेवलेल्या असतात. बौद्ध मठाकडे चढणाऱ्याने एक घ्यायची, वर दाराशी ठेवायची; उतरणारा ती परत आणतो. राखण कुणाचीच नाही.

आज आमच्या सहलीतल्या मंडळींनी होत्या तेवढ्या सगळ्या काठ्या घेतल्या आणि वर पोचल्यावर फोटोसाठी त्यांचीच शेकोटी केली. मठातून बाहेर येऊन मी ओरडलो, तर एकजण म्हणतो, "अहो, लाकडंच तर होती!"

लाकडं? कधी न पाहिलेल्या माणसाच्या गुडघ्यांची काळजी होती ती. आणि हे म्हणे मनःशांतीसाठी आले होते!

रिकाम्या हातांनी खाली उतरलो. गावातली एक म्हातारी मठाकडे निघाली होती. एका हाताने जपमाळ ओढत, न बघताच, तिने दुसरा हात भिंतीकडे नेला.