एका जोडीचे दोन धनी

सासऱ्यांचा एके काळी लग्नामुंजींना माईक आणि कर्णे भाड्याने देण्याचा धंदा होता. तो बंद पडला, कर्णे विकले गेले, पण व्हॉल्वचा जुना अँप्लिफायर त्यांनी ठेवला. त्याच्यासाठी पावसच्या सुताराकडून फणसाच्या लाकडाचे दोन स्पीकर करून घेतले. मी लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा ते टीव्हीच्या दोन बाजूंना उभे होते. मला वाटलं, कपाटं आहेत. मी एकावर इस्त्रीचे कपडे ठेवले. सासऱ्यांनी ते उचलून माझ्या हातात दिले. घरात मोठा मान कुणाचा, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

नवरा मस्कतला नोकरीला. वर्षातून चाळीस दिवस घरी. दोन हजार तीन साली येताना ह्यांनी होम थिएटरचा रिसीव्हर आणला, पण स्पीकर सामानात बसेनात म्हणून तिथेच मित्राला देऊन आले. बिनआवाजाचं होम थिएटर आणणारा हा रत्नागिरीतला पहिलाच माणूस असावा. मग काय, फणसाच्या जोडीला दोन धनी झाले. सकाळी सासऱ्यांची नाट्यगीतं, संध्याकाळी ह्यांचे मारामारीचे सिनेमे, आणि दर वेळी टीव्हीमागे वाकून चार वायरींची अदलाबदल.

जोडी सासऱ्यांची, त्यामुळे वायरींना हात लावण्याआधी ह्यांना विचारावं लागे, "बाबा, काढू काय?" सासरे लगेच हो म्हणत नसत. आज कुठला सिनेमा, एवढा आवाज कशाला, तिकडे जेवण कोण करतं, उन्हात काम असतं काय, असं एकेक निघे. एरवी या बापलेकांचं बोलणं म्हणजे "जेवलास?" "जेवलो." संपलं. टीव्हीमागे बसून मात्र दोघं अर्धा अर्धा तास बोलत. मला ते स्वयंपाकघरातून ऐकायला फार आवडे.

व्हॉल्वच्या अँप्लिफायरचा एक नियम होता. स्पीकर जोडल्याशिवाय तो चालू करायचा नाही, आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून सासरे शब्द मोजून वापरत. वायर 'जोडायची', अँप्लिफायर 'पेटवायचा'. आम्ही दोघं मात्र सगळंच 'लावायचो'. पंखा लाव, कुकर लाव, पिन लाव.

ह्यांची सुट्टी संपत आली होती. एका दुपारी सासरे मागच्या आगरात माडांना पाणी सोडत होते. ते येईपर्यंत गाणं तयार असावं म्हणून मी आतून विचारलं, "बाबांचा लावलात का?"

"लावला," हे म्हणाले.

मी विचारलं वायरींचं, ह्यांनी सांगितलं पिनेचं. मी बाहेर येऊन बटण दाबलं. व्हॉल्व तांबूस पेटले, पण आवाज येईना. म्हणून मी शहाणीने आवाज वाढवला, अगदी शेवटपर्यंत. मग जळका वास आला.

सासरे धावत आले. चूक माझी, मी म्हणाले. माझी, हे म्हणाले. सासऱ्यांनी अँप्लिफायरवर टॉवेल टाकला आणि परत माडांकडे गेले. उरलेले चार दिवस बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत आणि हे तसेच मस्कतला गेले. मला त्या यंत्राचं फारसं दुःख नव्हतं. या दोघांचं एवढंसं बोलणं होतं, ते माझ्या हातून बंद पडलं, याने मला रात्र रात्र झोप लागेना.

हातखंब्याला पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारा एकजण होता. त्याच्याकडे ट्रान्सफॉर्मर घेऊन गेले तर तो आधी हसला, पण महिन्याभराने नवी तार भरून दिला. सासऱ्यांनी गाणं ऐकून मान डोलावली. त्या आनंदात मी मस्कतला फोनवर बजावलं, पुन्हा घोळ नको, या वेळी स्वतःचे स्पीकर घेऊनच या.

हे पुढच्या वर्षी घेऊन आले. फणसाची जोडी सासऱ्यांच्या खोलीत गेली, नवी बाहेर बसली. ज्याचं त्याला झालं. आठ दिवसांत माझ्या ध्यानात आलं की दोघं पुन्हा "जेवलास?" "जेवलो"वर आले आहेत. अक्कल पाजळून मीच ही सोय केली होती, आता सांगणार कुणाला?

एका संध्याकाळी ह्यांनी सिनेमा सुरू केला आणि सासरे दारात येऊन उभे राहिले.

"माझे दोन्ही स्पीकर गेले रे. तुझे जरा देतस काय?"

त्याच सकाळी मी त्यांच्या खोलीत केर काढला होता, तेव्हा दोन्ही स्पीकर खणखणीत वाजत होते. हे सिनेमा थांबवून उठले. म्हणाले, "थांबा, काय झालंय ते बघतो आधी."

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी बघितलंय," मी म्हणाले. "गेलेच ते."