जित्या नवऱ्याची विधवा

शेतकरी विधवांना मदत करणाऱ्या अमरावतीच्या एका संस्थेची जीप धनज गावी दारात थांबली तेव्हा उकंडराव खंडारे ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होता. दोन बाया उतरल्या, मागून शिलाई मशीन उतरलं.

"भागिरथाबाई इथंच राहतात ना? ज्यांचे यजमान गेले, त्या?"

"कुठी गेले?" अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून उकंडरावानं विचारलं.

भागिरथाबाई घरातून बाहेर आली. एका बाईनं मोबाइलवर फोटो दाखवला. उंबऱ्यावर बसलेली, हात मांडीत, नजर रस्त्याकडे, ती भागिरथाबाईच होती. खालची ओळ त्या बाईनंच वाचली : 'पतीच्या आत्महत्येनंतर एकाकी झुंजणारी शेतकरी विधवा.'

भागिरथाबाईचे कान तापले. ग्रामसभेत सरपंचाला मधेच थांबवून नळाचं विचारणारी बाई ती.

"हा माया नवरा," ती म्हणाली. "दाढी करून राह्यला. पाहून घ्या, अन् मशीन उचला."

फोटो कुणी काढला ते तिला पक्कं आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून हरीओम नावाचा फोटोग्राफर आला होता. उकंडराव तूर घेऊन शेलूबाजारला गेला होता. पोरगा उन्हातून आलेला पाहून तिनं चहा टाकला. "घरी कोण असतं?" त्यानं विचारलं. "आज एकटीच हाओ," ती म्हणाली. घरच्यांबद्दल बस, एवढंच बोलणं.

जीप आली त्याच आठवड्यात लेक निकिताचा नांदेडहून रडत फोन आला. तो फोटो तिच्या सासरच्यांच्या मोबाइलवर फिरत होता. "बाबाचं खरं काय ते सांग," म्हणत होती. उकंडरावानं फोन हातात घेतला आणि "मी जिता हाओ," हेच तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिला. ते पाहून भागिरथाबाईनं ठरवलं, आता गप्प बसायचं नाही.

पुतणी पौर्णिमा कारंजाला कॉलेजात होती. तिनं खबर आणली, की गुरुवारी हरीओम पोरांना वृत्तछायाचित्रण शिकवायला येतोय. नवराबायको सकाळच्या एसटीनं कारंजाला पोचले.

सभागृहात भिंतीवर तोच फोटो होता, खाटेएवढा मोठा. फेलोशिप कशी मिळते, फोटो कुठं पाठवायचे, हे सांगून हरीओम म्हणत होता, "आधी माणसाचा विश्वास मिळवा, मग कॅमेरा काढा."

भागिरथाबाई थेट पुढं गेली.

"मावशी! तुम्ही इथं?" तो हरखला.

"हे माये मालक."

त्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं... कपाळावर कुंकू नव्हतं, गळ्यात मंगळसूत्र नव्हतं..."

"आमी बौद्ध हाओत. माया मायनं छप्पन्न सालीच कुंकू पुसलं. अन् माया बाप नव्वद वर्षं जगला! दोन घंटे माया घरी बसला तू, चहा पेला. एक गोष्ट इचारली असती तं तोंड झिजलं असतं का तुयं?"

"चुकलंच माझं. पण फोटो खोटा नाही, मावशी. तुमच्या चेहऱ्यावरचं दुःख..."

"कायचं दुःख? त्या दिवशी माई दाढ ठणकत होती!"

पोरं हसली. ती गर्रकन वळली. "हसू नका. उद्या तुमीबी हेच करसान."

हरीओमनं फोटो स्वतः खाली उतरवला. पौर्णिमानं कागद पुढं केला. सगळ्यांसमोर त्यानं लिहून दिलं, की ओळ खोटी आहे आणि मी ती न विचारता लिहिली.

हरीओमनं ज्या संस्थेला फोटो दिला होता, तिच्याकडं तो कागद गेला आणि तिच्या वेबसाइटवरची ओळ आठ दिवसांत बदलली. संस्थेच्या छापील वार्षिक अहवालात मात्र ती तशीच राहिली. "पुढच्या वर्षी दुरुस्त करू," असं फोनवर उत्तर मिळालं. मधे हरीओमनंही फोन केला. दोघांचा एक छान फोटो काढायला येऊ का, विचारत होता. "काही गरज नाही," म्हणून तिनं फोन ठेवला.

मग ती नवऱ्याला घेऊन अमरावतीला संस्थेच्या ऑफिसात गेली. साहेब म्हणाले, अहवाल वाटून झाले. तिनं कपाट उघडायला लावलं. आत चाळीसेक प्रती निघाल्या. उकंडरावानं चष्मा लावला आणि खुर्चीत बसून एकेका प्रतीतलं आपलं मरण काळ्या पेनानं खोडलं.

"अन् ज्या वाटल्या, त्या?" भागिरथाबाईनं विचारलं.

साहेब टेबलावरचे कागद चाळत राहिले. परतीच्या एसटीत तिनं ते काळं पेन नवऱ्याकडून मागून घेतलं आणि वाटलेल्या प्रतींसाठी आपल्या पिशवीत जपून ठेवलं.