आक्कांची डिस्क, माझा स्टिकर

सलीमभाईंचा फोन आला तेव्हा मी सांगलीत एका दवाखान्याच्या मॅनेजरशी भांडत होतो. त्याला राउटर फिशटँकच्या मागे लपवायचा होता.

“साहेब, फाइली उघडंनात झाल्यात. सगळ्यांच्या नावाला कायतरी इंग्रजी शेपूट आलंय. एक चिठ्ठीबी हाय, पैसे मागत्यात.”

“सकाळी काय उघडलंत?”

“पत्रिका.”

सलीमभाईंचा कराडला लग्नपत्रिकांचा छापखाना आहे. अनोळखी नंबरांवरून ‘पत्रिका मजकूर’ नावाच्या फाइली रोज येतात. त्या उघडणं हाच त्यांचा धंदा. ही मात्र पत्रिका नव्हती, रॅन्समवेअर होतं. हा व्हायरस फाइलींना जागेवरच कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो.

“नेटची वायर काढा. बाकी कशाला हात लावू नका. आलोच.”

कराडच्या वाटेवर पेठ नाक्यापर्यंत मी सलीमभाईंना शिव्या घालत होतो. पुढे स्वतःला घालायला लागलो. बॅकअप म्हणजे सगळ्या फाइलींची दुसरी प्रत, वेगळ्या डिस्कवर. पण ती डिस्क कॉम्प्युटरला जोडलेली असली तर व्हायरस तिलाही कुलूप लावतो. आणि ती चोवीस तास जोडून ठेवायला मीच सांगितलं होतं. लोक जोडायला विसरतात म्हणून. शेजारी टेबलावर लाल अक्षरांत स्टिकरही चिकटवला होता: ‘ही डिस्क काढू नये.’

स्टिकर सुमनआक्कांसाठी होता. त्या तिथं मजकूर टाइप करतात आणि प्रूफं तपासतात. रिकामी चालू असलेली वस्तू त्यांना बघवत नाही. घरी मिक्सरची पिन काढतात, इथं डिस्कची. दोनदा मी पकडलं. दुसऱ्या वेळी सगळ्यांदेखत ओरडलो. मी बारावी नापास, बंद पडलेले कॉम्प्युटर उघडून उघडून शिकलेला माणूस. मला कुणी शिकवलेलं खपत नाही.

छापखान्यात पोचलो तर सलीमभाई कपाळाला हात लावून बसलेले.

“मंजूर झालेल्या सगळ्या पत्रिका त्याच्यातच हायत. एका घरात चार काका. कुनाचं नाव वर, ह्याच्यावरनं तीनदा भांडनं झाल्यात. आता परत मजकूर मागाय गेलो तर मलाच पुरत्याल. डिस्क गेली आसंल तर तुमीबी गेला, साहेब.”

कराडातली माझी निम्मी गिऱ्हाइकं सलीमभाईंच्या शब्दावर आलेली. मी टेबलाकडे बघितलं. स्टिकर होता. डिस्क नव्हती.

“डिस्क कुठाय?” मी ओरडलोच.

“कपाटात हाय,” आक्का प्रूफातून मान वर न काढता म्हणाल्या.

“काढली कुणी?”

“मीच. रोज जेवताना लावते, दिवा लुकलुकायचा थांबला की काढते. तुमी येनार आसला की लावून ठिवते. उगं तुमाला तरास नको.”

“आज लावली होती?”

“आज आजून जेवलेय कुठं?”

मी खुर्चीत बसलो. राहिलेला बॅकअप डिस्क जोडली की आपोआप होतो. त्यामुळं मला रोज मोबाइलवर ‘बॅकअप झाला’ची हिरवी टिक दिसत होती. म्हणजे काल दुपारपर्यंतचं सगळं शाबूत होतं.

“द्या इकडं, आक्का.”

“आदी माफी. सगळ्यांफुडं बोलला, सगळ्यांफुडंच मागायची.”

“सलीमभाईंसमोर मागतो.”

“मशीनवर चौघं हायत.”

“एकाला बोलवा.”

“चौघांनी ऐकलं हुतं.”

“बरं, दोघं.”

“साहेब, कपाटाची किल्ली माज्याकडं हाय.”

घासाघीस करून एका प्रिंटरवर दोन कीबोर्ड फुकट काढलेला माणूस आहे मी. इथं एक डोकं कमी झालं नाही. मशीन थांबवून चौघं आले. मी माफी मागितली. मागचा एक म्हणाला, “मशीनच्या आवाजानं कान बसल्यात, ऐकू न्हाई आलं.” परत मागितली.

आक्कांनी ब्लाउजपीसात गुंडाळलेली डिस्क काढली.

“लावा की आता!” सलीमभाई म्हणाले.

“थांबा!” माझं हे ओरडणं मात्र रास्त होतं. व्हायरस असलेल्या कॉम्प्युटरला ती जोडली असती तर तीही गेली असती. आधी कॉम्प्युटर पूर्ण पुसला, सगळं नव्यानं टाकलं, मगच डिस्क जोडली. संध्याकाळी चारही काका ठरलेल्या क्रमानं पडद्यावर उभे राहिले. फक्त आदल्या दुपारनंतरचं काम परत करावं लागलं.

डिस्क मी निवडली, सॉफ्टवेअर मी बसवलं, कॉम्प्युटर मी उभा केला. कराडात नाव मात्र आक्कांचं. नवं गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, “ते आक्कांचं बॅकअप आमाला करून द्या.” मी करून देतो. काम झालं की डिस्क काढायची, आणि प्रत खरंच उघडते का ते अधूनमधून बघायचं. कायम जोडलेल्या बॅकअपचा भरवसा नाही. ही माझी पद्धत आहे असं मी सगळीकडे सांगतो. कराड सोडून.

यंदा देखभालीचा करार नवा करताना सलीमभाईंनी एक अट घातली: कुठलाही स्टिकर लावण्याआधी आक्कांना दाखवायचा. मी दोन चहा होईपर्यंत भांडलो. शेवटी ठरलं: फक्त लाल अक्षरांतला स्टिकर असेल तरच दाखवायचा.