जर्सी म्हणायचे मला

पणदऱ्यात मला सगळे जर्सी म्हणायचे. सातवीपर्यंत मला वाटायचं, ते माझ्या कबड्डीच्या जर्सीमुळं. सुट्टीतही मी तीच घालून हिंडायचे.

वडील केनियात फुलांच्या पॉलीहाऊसवर सुपरवायझर होते. आई तिथलीच, त्याच पॉलीहाऊसवर गुलाब निवडायला होती. लग्न करून दोघं गावी आले, तेव्हा मी पोटात होते. माझा रंग आईहून उजळ, वडलांहून सावळा. केस पुरते आईचे.

शेजारचे तात्या सकाळी डेअरीवर निघाले की हाक मारायचे, "काय जर्सी, येती का?" मी गाडीवर मागं किटली धरून बसायचे.

एकदा त्यांची गाय व्याली. जनावरांचे डॉक्टर वासरू बघून म्हणाले, "क्रॉस हाय. आई गावठी, बाप जर्सी." माझा चुलतभाऊ माझ्याकडं बघून फिसकन हसला. तेव्हा मला कळलं.

"तात्या, म्हणून मला जर्सी म्हणता व्हय?"

तात्या बावरले. "आगं, जर्सी म्हंजे चांगलीच की. गावठीला आता कोण इचारतंय?"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे दिसत होतं. त्यामुळं मला धड रागावताही येईना.

घरी आईला सांगितलं. पीठ मळता मळता ती म्हणाली, "आमच्याकडं तुला पॉइंट फाइव्ह म्हणले असते. म्हंजे अर्धी."

"ते वाईट असतं का?"

"कोण म्हणतंय, त्याच्यावर हाय." मग म्हणाली, "मला पण नीट म्हाईत न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून तात्या मला नावानं हाक मारायला लागले. आधी क्षणभर अडखळायचे. वर्गातली पोरं मात्र जर्सीच म्हणत राहिली. त्यांचं मला लागायचं, आणि तात्यांनी म्हणणं सोडलं तेही लागायचं. डेअरीवर जाणं मीच हळूहळू बंद केलं.

आता मी इंदापूरजवळ लोणी देवकरला कंपनीत आहे. मागच्या उन्हाळ्यात तात्या इंदापूरला लेकीकडं आले होते, तिथंच आजारी पडले. मी दवाखान्यात भेटायला गेले. नर्सनं माझ्याकडं निरखून बघत विचारलं, "या कोण तुमच्या?"

मी आल्याचं तात्यांना बरं वाटलेलं दिसलं. "ही व्हय? ही आमची..." म्हणाले आणि अडले. शब्द शोधत माझ्याकडं बघत राहिले.

"शेजारी आहोत आम्ही," मी म्हणाले.

तात्यांनी मान हलवली आणि तोंड भिंतीकडं वळवलं. मी त्यांना पुढचा शब्द का बोलू दिला नाही, कोण जाणे. तो कुठला निघाला असता, तेही मला माहीत नाही.