खाऱ्या पाण्याची बोटं

माझ्या साडूला सगळं ठाऊक असतं. त्यातलं निम्मं चूक असतं, पण माझ्या बायकोला ते कधी दिसलं नाही. सासरे गेल्यापासून भाऊजींचा शब्द म्हणजे तिच्यासाठी निकाल. मुलीला समुद्रशास्त्र शिकायला किनाऱ्यावरच्या शहरात प्रवेश मिळाला, तेव्हा तो निकाल द्यायला साडू पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर २ मधून आमच्या सेक्टर १० च्या क्वार्टरवर आला.

"पाण्यात शिकाचं काय असते?" सोफ्यात रुतत तो म्हणाला. "गरम वर, थंड खाली. झालं."

"मावसाजी, वरचं पाणी खारंबी असते. ते खाली उतरते," मुलगी म्हणाली.

"कावून उतरन? जन्म गेला माहा भट्टीवर. वितळलेल्या लोखंडावर स्लॅगची मळी तरंगते. हलकं ते वरच राह्यते. तुह्या पुस्तकाले भट्टी माहीत हाय का?"

मुलीनं काचेच्या बरणीत फ्रीजचं पाणी घेतलं. गरम पाण्यात मीठ मी तोलून घातलं. इतकंच, की गरम असेपर्यंत ते पाणी वर तरंगावं. त्यात निळी शाई टाकून तिनं ते चमच्यावरून हळूच वर सोडलं. निळा थर वरच थांबला.

"पाह्यलं?" साडू माझ्या बायकोला म्हणाला.

त्याचा चहा संपायच्या आत निळ्या थरातून बारीक बोटं खाली उतरू लागली.

"आई, ऊब मिठापेक्षा जवळपास शंभर पट लवकर पसरते," मुलगी सांगू लागली. "वरची ऊब खाली गेली, मीठ तिथंच राह्यलं. मंग थंड झालेलं खारं पाणी जड होऊन बुडते. समुद्रातबी हेच होऊन राह्यलं."

"शाई जड असंन," साडू म्हणाला.

मी दुसरी बरणी मांडायला लावली. तितकीच शाई, तितकंच गरम पाणी, फक्त मीठ नाही. शाई वरच राहिली.

"मंग बरणी खराब असंन."

बायको पदर तोंडाला लावून हसली. भाऊजींच्या बोलण्यावर तिला हसताना मी प्रथमच पाहिलं. मग तिनं मुलीला विचारलं, "तिकडं मेसमधी पोळी भेटते का वं, का नुसता भातच?"

आता साडू खुर्सीपारपासून दुर्गपर्यंत साऱ्या नात्यात सांगत फिरतो, की पोरीला समुद्रावर त्यानंच पाठवलं. मी ते खोडत नाही. खोडायचं तर त्याच्याशेजारी बसावं लागेल.